वळणापर्यंत

चंपाषष्ठीच्या सकाळी वांगी निखाऱ्यावर पडली आणि घरात भांडणाला तोंड फुटलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण लहानूआप्पांच्या घरात भांडण नेहमी सणाचाच मुहूर्त धरून येतं. एरवी कुणाला सवड नसते.

माळ्याचं घर. चातुर्मासात वांगं खायचं नाही आणि थेट चंपाषष्ठीलाच तोंडात घालायचं, हा नेम आप्पांच्या आजोबांपासूनचा. विकायला मात्र हरकत नव्हती. आषाढापासून मखमलाबादच्या मळ्यातली वांगी टेम्पो भरभरून मार्केटला गेली होती आणि घरातल्यांनी निमूट दुधी खाल्ला होता. आज खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी भरायची आणि मग सगळी कसर भरून काढायची. त्यासाठी आप्पांची लेक संध्या आदल्या दिवशीच कळवणहून येऊन बसली होती.

तळीच्या ताम्हणात विड्याची पानं होती, सुपाऱ्या होत्या, भंडारा होता. खोबऱ्याची वाटी नव्हती. ती आणायला आपली लेक सृष्टी जाणार, एकटी जाणार, असं आप्पांच्या सुनेने, शुभांगीने चुलीपाशी बसल्या बसल्या सांगितलं.

"कोण जाणार?" गोजराबाईंनी विचारलं. ऐकू आलं होतं, तरी विचारलं. सासूच्या कानाची ही खोड शुभांगीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होती.

"सृष्टी, आत्याबाई. लताबाईंच्या दुकानात."

लताबाईंचं दुकान काही सातासमुद्रापार नव्हतं. गेटातून बाहेर पडायचं, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, की आलंच. या गल्लीतली पहिली-दुसरीतली पोरं तिथून दिवसभर कुरकुरे आणत असत. सृष्टी तिसरीत होती आणि तिला आजवर एकटीने कुणी कोपऱ्यापर्यंतही पाठवलं नव्हतं.

हे समजायला या घराची एक रीत ठाऊक हवी. घरातून कुणीही बाहेर पडलं, मग ते शाळेतलं पोर असो की साठीतला बाप्या, तर मागे एकाने गेटात उभं राहायचं आणि तो माणूस वळण ओलांडेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहायचं. ही रीत आप्पांच्या आईने, बायडाबाईने घातली. तिचा थोरला मुलगा खंडेराव सहा वर्षांचा असताना एका दुपारी त्या वळणावरून पलीकडे गेला आणि पुढे त्याला विहिरीतून काढूनच आणावं लागलं. त्या दुपारी बायडाबाई कांद्याच्या रोपात बसली होती. तिने पाहिलं नव्हतं. पुढे जन्मभर ती पाहत राहिली, आणि तिच्यामागून आप्पा पाहू लागले, आप्पांचं बघून गोजराबाई. आता तिथे विहीर नाही. जमीन बिल्डरला दिली तेव्हा त्याने ती दगड-मुरूम घालून बुजवली, आणि आज त्या जागेवर सोसायटीची पोरं स्कूटी लावतात. विहीर बुजली, भीती बुजवायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

तरीही घरात आजारी म्हणून गणली जात होती ती एकटी शुभांगी.

दोन वर्षांपूर्वी तिला धडधड सुरू झाली. हातपाय गार पडायचे, श्वास पुरायचा नाही, आता काही आपण वाचत नाही असं वाटायचं. नवऱ्याने, शेखरने तिला नाशकातल्या निम्म्या दवाखान्यांत फिरवलं. दर वेळी छातीला वायरी लावायच्या, कागद निघायचा आणि डॉक्टर म्हणायचे, हृदय ठणठणीत आहे. गोजराबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि निदान केलं की हे येवल्याचं दिसतंय, आमच्या घरात असलं काही नव्हतं. येवला म्हणजे शुभांगीचं माहेर. तिच्या वडिलांच्या घरी पैठणीचे माग होते, आणि सासूच्या मते दिवसभर मागावर वाकून बसणाऱ्यांच्या डोक्यात नसते विचार येणारच. शेवटी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की हा चिंतेचा आजार आहे आणि तो बरा होतो. उपचार घेतले आणि तो खरोखर बराच आटोक्यात आला. आप्पा रोज झोपण्याआधी गेटची कडी पाच वेळा हलवून बघायचे, मोटारीचं बटण बंद केलं की नाही ते बघायला अर्ध्या जेवणावरून उठायचे, संध्याची एसटी कळवणला पोचल्याचा फोन येईपर्यंत पाणीही प्यायचे नाहीत. पण आप्पांची ती काळजी होती आणि शुभांगीचा तो आजार होता.

बऱ्या झालेल्या शुभांगीला डॉक्टरांनी शेवटी सहज विचारलं, मुलं किती? आणि मग समजावून सांगितलं की आईला किंवा वडिलांना हा त्रास असला तर मुलांना तो होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. होईलच असं नाही. पण होऊ नये म्हणून आधीपासून बरंच काही करता येतं. शुभांगी घरी आली आणि कपाट उघडून बसली. लग्नात वडिलांनी स्वतः विणून दिलेली पैठणी तिने सृष्टीसाठी जपली होती. पैठणीबरोबर हेही पोरीच्या ओटीत जाणार, या विचाराने ती त्या दिवशी पोटभर रडली. सोमवारी सकाळी सृष्टीचं पोट दुखायचं, ते आता तिला नव्याने दिसू लागलं. "आई, तू मला घ्यायला येशील ना?" हे पोरगी शाळेच्या दारात पुन्हा पुन्हा विचारायची, तेही.

पुढे तेजस्विनी मॅडम आल्या. मॅडम समुपदेशक होत्या, वयाने शुभांगीपेक्षा लहान, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मुलीला आणू नका, तुम्ही दोघं या. यावर आप्पांनी जे म्हटलं ते सगळ्या भाऊबंदांत फिरलं. ते म्हणाले, "पेशंट घरी आन् दवा आईबापाला. म्हणजे म्हैस दुखती म्हणून गोठ्याला इंजेक्शन."

"आप्पा, तुम्ही टोमॅटोवर करपा यायच्या आधीच फवारणी करता ना?" शुभांगीने तेव्हा विचारलं होतं.

"करतो. टोमॅटोला सांगता येत नाय, मला होऊ घातलंय म्हणून. पोरीला तोंड हाय. ती सांगंल तव्हा बघू."

शेखर दर वेळी क्लिनिकमध्ये मान डोलवायचा. मॅडमपुढे तो मॅडमचा, बायकोपुढे बायकोचा आणि आईपुढे आईचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, कारण त्याच्याशी भांडणच होत नाही. मॅडमनी शिकवलेल्या गोष्टी ऐकायला सोप्या होत्या. पोरीने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर एकदाच द्यायचं. ती घाबरते म्हणून तिची कामं आपण करून टाकायची नाहीत. तिला झेपेल अशी एकेक पायरी तिनेच निवडायची, आणि ती चढताना मोठ्यांनी हात द्यायला धावायचं नाही. तिला थोडी भीती वाटू द्यायची, ती वर चढते आणि आपोआप उतरते हे तिचं तिला कळू द्यायचं. "आणि तुम्हालाही वाटेल," मॅडम शुभांगीला म्हणाल्या होत्या. "तुम्हीही ती वाटू द्या. फक्त तिच्यामागे पळू नका."

आजची पायरी सृष्टीने स्वतः निवडली होती. उगीच काहीतरी आणायला पाठवू नका, खरंच लागणारं काहीतरी सांगा, असं तिने बजावलं होतं. म्हणून खोबरं मुद्दाम आणायचं राहू दिलं होतं.

गोजराबाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी संध्याकडे पाहिलं, संध्याने शेखरकडे पाहिलं आणि शेखरने वांग्याकडे. आदल्या संध्याकाळी संध्याने भावजयीची बाजू घेतली होती, पोरांना मोकळं सोडलंच पाहिजे म्हणाली होती. तिला तो अधिकारही होता. तिने आपल्या ओमला शिकायला पुण्याच्या होस्टेलवर ठेवलं होतं, आणि पहिला महिनाभर स्वतः त्याच गल्लीतल्या मैत्रिणीकडे मुक्काम केला होता. सकाळ झाली तसं तिचं मत जरा नरमलं.

"पाठव गं, पण आजच कशाला?" ती म्हणाली. "सणाचा दिवस, रस्त्यावर गाड्या."

"ताई, काल तर तुम्हीच..."

"काल मी एकंदरीत बोलत होते."

आप्पांनी अनपेक्षितपणे सुनेच्या बाजूने कौल दिला. जाऊ द्या पोरीला, मॅडम शिकलेली हाय, तिचं एकदा ऐकून बघू, असं म्हणाले. शुभांगीला इतकं बरं वाटलं की तिने लगोलग पुढचं पाऊल टाकलं. कुणीही तिच्या मागे जायचं नाही आणि कुणीही गेटात उभं राहायचं नाही, असं तिने सगळ्यांना भंडारा उचलून कबूल करायला लावलं. खंडोबाचा भंडारा उचलला की या घरात शब्द मोडत नाहीत. आप्पांनी चिमूट उचलली आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "मी तिच्या मागं जाणार नाय." बाकीच्यांनीही तेच म्हटलं.

शब्द कुणीच मोडला नाही. आप्पा सृष्टीच्या मागे गेले नाहीत. दाढी करायची राहिली म्हणून ते तिच्या आधीच जाऊन कोपऱ्यावरच्या सलूनच्या बाकावर बसले. गोजराबाई मेथीची जुडी घेऊन समोरच्या चिमणाबाईंच्या ओट्यावर निवडायला गेल्या. स्वतःच्या गेटात त्या उभ्या नव्हत्याच. शेखरला गाडीत पेट्रोल टाकायचं आठवलं, आणि पेट्रोल टाकायला निघालेला माणूस वळणावर इंजिन बंद करून, हेल्मेट न काढता थांबला. संध्या वाळत घातलेल्या कुरडया बघायला गच्चीवर गेली. मार्गशीर्षात कुणी कुरडया घालत नाही, पण तेवढं कोण बघतं?

हे सगळं शुभांगीला नंतर कळलं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं की घर एकाएकी रिकामं झालं. तिला वाटलं, बिचारे पोरीला अवघडल्यासारखं नको म्हणून आपापल्या कामाला लागले. माणसं बदलतात, असंही तिला वाटून गेलं.

सृष्टीने केस विंचरून घेतले, नोट मुठीत धरली आणि चपला घातल्या. दारात थांबून तिने विचारलं, "काही होणार नाही ना?"

शुभांगीच्या जिभेवर आलं होतं की नाही गं राणी, काही नाही होणार, काहीसुद्धा नाही. ते तिने गिळलं. "तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

सृष्टीने विचार केला. "पोटात गुडगुड होईल."

"होऊ दे. माझ्याही होतं."

पोरगी गेली. गेटची कडी वाजली. आणि मग शुभांगी आणि तिची छाती, दोघीच घरात राहिल्या.

धडधड आली ती ओळखीच्या पाहुण्यासारखी थेट आत. हात गार पडले. डोळ्यांसमोर रस्ता आला, रस्त्यावर टेम्पो आला, टेम्पोपुढे गुलाबी फ्रॉक आला. ती उठून गेटापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. नुसतं डोकावलं तर काय बिघडतं? बायडाबाईने नुसतं डोकावलं असतं तर एक पोर वाचलं असतं. सासरच्या एका मेलेल्या बाईची भीती आपल्या हातात कशी आली, याचं तिला तशातही नवल वाटलं. लग्न करून आल्यावर आडनाव बदलतं एवढंच तिला सांगितलं होतं.

तिने हात काढून घेतला. परत येऊन ती स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बसली आणि निखाऱ्यावरचं वांगं पुढ्यात ओढून सोलायला लागली. वांगं कडकडीत होतं. बोटं पोळत होती. ती सोलत राहिली, कारण सोलणं थांबलं असतं तर ती पळाली असती.

दोन वांगी सोलून होतात न होतात तोच संध्या जिन्यावरून खाली आली.

"दिसत नाय गं."

"काय दिसत नाही?"

"सृष्टी. गेटाच्या बाहेर पडताना दिसली. मग मी लताबाईला फोन लावला, तिच्याकडं लक्ष ठेव म्हणून. तेवढ्यात नजर हटली तर पोरगी गायब. लताबाई म्हणते, आलीच नाय."

शुभांगी काही बोलायच्या आत गेट धाडकन उघडलं. एका गालावर साबण असलेले आप्पा आत आले, त्यांच्यामागे पदरात मेथी धरलेल्या गोजराबाई, आणि त्यांच्यामागे हेल्मेट घातलेला शेखर. कोपऱ्यावर आली नव्हती. ओट्यासमोरून गेली नव्हती. वळली नव्हती. एवढ्याशा गल्लीत चार जणांची आठ डोळ्यांची राखण होती आणि पोरगी मधल्यामधे नाहीशी झाली होती. कोण कुठे लपलं होतं, हे तिथल्या तिथे उघडं पडलं. पण लाजायला कुणाला वेळ नव्हता.

आप्पांचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्यांनी परसात जाऊन पाहिलं आणि येऊन म्हणाले, "मागल्या फाटकाची कडी निघालीय."

मागच्या फाटकातून वाट वांग्याच्या वावरातून सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघत होती. दुकानाला ती जवळ पडायची. पण विहीर तिकडेच होती, म्हणून या घरातलं माणूस त्या वाटेने वावराच्या पुढे पन्नास वर्षांत गेलं नव्हतं. विहीर नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आप्पा कुणाकडेही न बघता म्हणाले, "खंडूदादा सहाच वर्षाचा व्हता."

मग राग निघायला वाट हवी होती आणि ती नेहमीच्याच दारातून निघाली. शेखर बायकोकडे वळला. हेल्मेटमधून त्याचा आवाज घुमत होता.

"आम्ही सगळे तिकडे जीव टाकतोय आणि तू इथे वांगी सोलत बसलीस? आई आहेस ना तिची? निदान तू तरी गेटात उभं राहायचं होतंस."

हे लागलं. ते लागावं म्हणूनच बोललं होतं. शुभांगीचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही. तिला उठायचं होतं. सगळं अंग उठायला सांगत होतं. ती म्हणाली, "तिला जाऊन अजून दोन वांग्यांचा वेळ झालाय. दुकानात जाऊन यायला चार वांगी लागतील. तेवढं थांबा. मग मीच तुमच्या पुढे पळेन."

कुणीतरी काहीतरी म्हणणार होतं. शेखर मागच्या फाटकाकडे निघालासुद्धा होता. तिसरं वांगं सोलून झालं. चौथ्याला शुभांगीने हात घातला तेव्हा तिची बोटं तिला दिसेनाशी झाली होती.

मागचं फाटक वाजलं. सृष्टी आत आली. फ्रॉकला वांग्याच्या पानांची धूळ, एका हातात खोबऱ्याची वाटी, दुसऱ्यात उरलेले सुट्टे पैसे. घरातली सगळी माणसं आपल्याकडे अशी का बघताहेत हे तिला कळेना.

गोजराबाईंनी तिला कवटाळलं आणि त्यांच्या पदरातली मेथी तिच्या अंगावर सांडली. शेखरने एकदाचं हेल्मेट काढलं. आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बाळा, पुढला रस्ता सोडून मागून का गेली?"

"पुढूनच चालले होते आप्पा," सृष्टी म्हणाली. "पण गेटातून बाहेर पडले तर कोपऱ्यावर तुम्ही बसलेले. समोर आजी. वळणावर पप्पा हेल्मेट घालून. वर आत्या. सगळे माझ्याकडे असं बघत होते." तिने डोळे मोठे करून दाखवले. "एवढी मोठी माणसं उभी आहेत म्हणजे तिकडे नक्की काहीतरी भ्यायचं असणार ना? मग मला लय भीती वाटली. मी तिथेच भिंतीआड थांबले आणि सगळ्यांची नजर हटली तशी हळूच परत आले."

"मग घरात का नाही आलीस?" शेखरने विचारलं.

"येणारच होते. पण खिडकीतून आई दिसली. ती वांगी सोलत होती." सृष्टीने खोबऱ्याची वाटी ताम्हणात ठेवली. "म्हटलं, आई आरामात बसलीय, म्हणजे काही झालेलं नाही. मग मागून गेले. तिकडे कुणीच उभं नव्हतं."

संध्याने खाली सांडलेली मेथी गोळा करायला घेतली, आणि सांडली होती त्याच्या दुप्पट मेथी असावी इतका वेळ ती गोळा करत राहिली. शुभांगीने पोळलेली बोटं पदराखाली घेतली. आपण आरामात बसलो होतो हे तिला आत्ताच कळत होतं. पोरीला खरं सांगावं असं तिला फार वाटलं, आणि मॅडमनी सांगितलं होतं म्हणून तिने ते सांगितलंही.

"मला पण भीती वाटत होती गं."

"हो? दिसलं नाही," सृष्टी म्हणाली, आणि सुट्टे पैसे मोजून आजोबांच्या हातावर ठेवायला गेली.

तळी भरली. शेजारपाजारचे पुरुष आले, ताम्हणाभोवती बसले. एरवी या घरात तळीला बायकापोरींचा हात लागत नसे. आप्पांनी मान न वळवता हाक मारली, "सृष्टे, ये, हात लाव." गोजराबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नवऱ्याच्या अर्ध्या दाढीकडे पाहून मिटलं. येळकोट येळकोट म्हणत ताम्हण उचललं गेलं आणि त्याखालच्या हातांत एक भंडाऱ्याने पिवळा झालेला इवलासा हात होता.

मग प्रसाद वाटायची वेळ आली. लताबाईंकडे खोबरं-भंडारा द्यायचा होता. सृष्टीने न विचारता वाटी उचलली आणि चपला घातल्या. या वेळी ती पुढच्या गेटाकडे निघाली. गोजराबाई सवयीने उठायला लागल्या. आप्पांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः सरकून, गेटाकडे पाठ करून, देव्हाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले. मग शेखर तसाच बसला, मग संध्या. पंगतीत सगळे भिंतीकडे बघत बसलेले पाहून बाहेरच्या माणसाला वाटलं असतं की या घरात कुणी रुसलंय.

कडी वाजली. पावलं गेली.

बऱ्याच वेळाने आप्पांनी भिंतीलाच विचारलं, "वळली असंल का गं, सूनबाई?"

शुभांगीचं तोंडही भिंतीकडेच होतं. छातीत धडधडत होतं.

"माहीत नाही, आप्पा," ती म्हणाली, आणि तिने भरीत वाढायला घेतलं.